काजूच्या बोंडांपासून इंधनाचं इथेनॉल: यीस्ट, बुरशी आणि उष्णतेचा हिशोब

मार्च उजाडला की सिंधुदुर्ग, रत्नागिरी, गोवा आणि इकडे घाटावर आजरा-चंदगड या पट्ट्यात काजूच्या झाडांखाली बोंडांचा सडा पडतो. बी पिळून काढली जाते, ती पोत्यात जाते आणि बोंड तिथेच राहतं. बोंडाचं वजन बीच्या सहा ते आठ पट असतं. म्हणजे एखाद्या बागेतून एक टन बी निघाली, तर सहा-आठ टन रसाळ, गोड फळ मातीत कुजतं. गोव्यात त्याची हुर्राक आणि फेणी ही दारू होते; महाराष्ट्राच्या बाजूला थोडं सरबत-सिरप होतं, थोडं गुरं खातात, बाकीचं वाया जातं. या बोंडांतून जाळण्यालायक इथेनॉल कसं काढायचं, त्यात बुरशीचं काम नेमकं कुठे आहे आणि कुठे नाही, हे या लेखात टप्प्याटप्प्याने मांडलं आहे. काजू लागवडीचा असला तरी डोंगरउतारावर आपोआप उगवलेली झाडंही पुष्कळ आहेत, म्हणून त्याला रानफळातही धरता येतं. शिवाय हीच पद्धत थोड्या फरकाने इतर रानफळांनाही लागू पडते.

हा लेख तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: जैवतंत्रज्ञानाचे विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि काजू प्रक्रिया कारखाने चालवणारे. घरच्या परसात भट्टी लावण्यासाठी तो नाही. त्याचं कारण आधी सांगतो.

परवान्याशिवाय पुढे जाऊ नका

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे मद्यार्क तयार करण्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. "मी पिण्यासाठी नाही, शेगडीसाठी करतोय" हा बचाव चालत नाही. गोव्यात १९६४ चा अबकारी कायदा लागू आहे. तिथेही काजूची भट्टी परवान्यानेच चालते. औद्योगिक अल्कोहोलवर अधिकार केंद्राचा की राज्याचा हा जुना वाद सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यांच्या बाजूने निकाली काढला. त्यामुळे इंधनाच्या नावाखालीही राज्याच्या परवानगीतून सुटका नाही. महाविद्यालयाने प्रयोग करायचा असेल तर संस्थेच्या नावाने लेखी परवानगी घ्यावी. शेतकरी कंपनीने यंत्र घेण्याआधी उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा अधीक्षक कार्यालयात जाऊन अर्जाचा प्रकार विचारून घ्यावा. रस काढणं, त्याची साखर मोजणं, बुरशी वाढवून तिचं एन्झाइम (पदार्थ फोडणारं प्रथिन) काढणं हे टप्पे तोवर करता येतात. आंबवणं आणि ऊर्ध्वपातन (उकळून, वाफ थंड करून अल्कोहोल वेगळं काढणं) मात्र कागद हातात आल्यावरच.

आधी आकडे

शंभर किलो पिकलेली बोंडं घेतली असं धरू. चांगल्या दाबयंत्रातून साठ ते सत्तर लिटर रस निघतो. आपण ६५ धरू. रसात साधारण दहा-अकरा टक्के साखर असते, बहुतेक ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. म्हणजे सुमारे ६.८ किलो साखर. एक किलो ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ५११ ग्रॅम इथेनॉल मिळू शकतं. यीस्ट स्वतः वाढायला थोडी साखर खातं, थोडी ग्लिसरॉलकडे वळते, म्हणून प्रत्यक्षात ८५ ते ९० टक्के हाती लागतं. हिशोब केला तर ३ किलोच्या थोडं वर, म्हणजे ३.९ लिटर. शंभर किलो बोंडांमागे चार लिटर, हा आकडा लक्षात ठेवा.

आता चोथा. दाबल्यानंतर तीसेक किलो ओला चोथा उरतो, पण त्यात बहुतांश अजून रसच असतो. त्या अडकलेल्या रसात दोन किलोच्या आसपास साखर असते. कोरडा तंतू मात्र चार-पाच किलोच. त्यातला सेल्युलोज (ग्लुकोजच्या साखळ्यांचा तंतू) साधारण पाचवा हिस्सा; लिग्निन हा लाकडाला कडक करणारा पदार्थच त्याहून जास्त. हा सेल्युलोज बुरशीच्या एन्झाइमने फोडून, आंबवून जे इथेनॉल मिळेल ते पाव ते अर्धा लिटर.

म्हणून क्रम असा: पहिला रस, दुसरं चोथ्याचं धुणं, तिसरी बुरशी. अनेक विद्यार्थी प्रकल्प नेमके उलटीकडून सुरू होतात. सेल्युलोजवर महिनाभर झगडतात आणि नुसत्या पाण्याने धुऊन मिळणारी साखर फेकून देतात. असं असूनही बुरशीला या लेखात मोठी जागा आहे. एक तर यीस्ट हीसुद्धा बुरशीच आहे, आणि दुसरं, तंतूवाल्या बुरशीचा खरा उपयोग तंतू फोडण्यापेक्षा रस मोकळा करण्यात आहे. तो पुढे येईल.

बोंडं गोळा करणं

झाडावरून आपोआप गळालेलं बोंड सर्वांत गोड असतं. पण गळाल्यापासून काही तासांत ते फुटायला, आंबायला लागतं. सकाळी लवकर वेचा आणि त्याच दिवशी दाबा. दुपारपर्यंत उन्हात राहिलेल्या बोंडांत जंगली यीस्ट आणि अ‍ॅसेटिक जिवाणू आधीच कामाला लागलेले असतात. त्यांनी खाल्लेली साखर तुमच्या हिशोबातून गेली. काळी पडलेली, पांढरी लव आलेली बोंडं बाजूला काढा. वेचणीला प्लास्टिकचे क्रेट वापरा; पोत्यात भरली की खालची बोंडं चेंबतात आणि रस तिथेच गळतो.

बी काढताना एक काळजी घ्या. बीच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं आणि यीस्टलाही ते मानवत नाही. बी ओढताना टरफल फुटू नये, फुटलेली बी रसात पडू नये.

साध्या पाण्याने धुऊन निथळा. प्रत्येक खेपेचा ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेची साधारण टक्केवारी, हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरने मोजून वहीत लिहा. लाल आणि पिवळ्या बोंडांचा, पहिल्या बहराचा आणि मे महिन्यातल्या शेवटच्या बोंडांचा ब्रिक्स सारखा नसतो. अवकाळी पाऊस पडून गेला की तो खाली येतो. आठच्या खाली गेला तर ती खेप ऊर्ध्वपातनाला परवडत नाही. तिचं खत करा.

दाबणं, आणि बुरशीचं पहिलं काम

गोव्यात बोंडं कोळंबीत, म्हणजे दगडी कुंडात, पायाने तुडवतात, मग लगद्याचा पिंडो करून तो वेलीने बांधतात आणि वर जड दगड ठेवतात. रात्रभर जो स्वच्छ रस झिरपतो तो नीरो. या पद्धतीत शहाणपण आहे: हळू, सलग दाबाने रस जास्त आणि गाळ कमी येतो. आपल्याला वेग हवा असेल तर बास्केट प्रेस किंवा स्क्रू प्रेस वापरा, पण दाब टप्प्याटप्प्याने वाढवा. रसाला लागणारं सगळं स्टेनलेस स्टीलचं, खाद्य दर्जाच्या प्लास्टिकचं किंवा लाकडाचं असावं. साध्या लोखंडाला रस लागला की त्यातल्या टॅनिनमुळे तो काळा पडतो.

दाबण्याआधी लगद्यात बुरशीचं पेक्टिनेज मिसळलं तर बराच फरक पडतो. फळाच्या पेशींना जोडून ठेवणारा पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ असतो. अ‍ॅस्परजिलस नायगर ही काळी बुरशी पेक्टिनेज बनवते, ते पेक्टिन फोडतं आणि पेशींत अडकलेला रस सुटतो. हीच बुरशी टॅनेजही बनवते. बोंड खाल्ल्यावर घसा खवखवतो, त्याला कारण असलेली टॅनिनं त्याने फुटतात. टॅनिन प्रथिनांना चिकटतात, म्हणून ती जास्त असली तर यीस्टचं आणि पुढच्या एन्झाइमचंही काम मंदावतं. फळांच्या रसासाठीचं पेक्टिनेज बाजारात तयार मिळतं. पाकिटावर दिलेल्या प्रमाणात, चाळीस-पंचेचाळीस अंश सेल्सिअसला एक-दोन तास पुरतं.

पेक्टिन फुटताना मिथेनॉल सुटतं. इंधनाला त्याचा त्रास नाही, पण हा द्रव पिण्याच्या कामाचा अजिबात नाही. प्रत्येक पिंपावर मोठ्या अक्षरात "विषारी, पिऊ नये" असं लिहा आणि तयार इंधनात उत्पादन शुल्क विभाग सांगेल तो विकृतीकारक (पिण्यालायक न ठेवणारा) पदार्थ मिसळा. मिथेनॉलने माणसं आंधळी होतात, मरतात.

एन्झाइम परवडत नसेल तर टॅनिन काढायला साबुदाण्याची खळ आहे. लिटरला सुमारे पाच ग्रॅम साबुदाणा थोड्या पाण्यात शिजवून खळ करा, गार करून रसात ढवळा आणि दहा-बारा तास राहू द्या. गाळ तळाशी बसतो, वरचा रस काढून घ्या. या काळात रस आंबू नये म्हणून तो थंड जागी ठेवा आणि लिटरला ०.१ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घाला. इंधनासाठी रस आरशासारखा नितळ करण्याची गरज नाही. तुरटपणा कमी झाला की पुरे.

दाबलेल्या चोथ्यावर त्याच्या वजनाच्या निम्मं पाणी शिंपडा, अर्धा तास ठेवा, पुन्हा दाबा. हे दुसरं पाणी पातळ असतं, म्हणून ते रसात ओतू नका. पुढच्या खेपेचा चोथा धुवायला तेच वापरा. दोन-तीन खेपा फिरवलं की त्याचा ब्रिक्स वर येतो आणि मग ते रसात मिसळता येतं. पातळ रस म्हणजे पुढे उकळायला जास्त पाणी.

यीस्टने आंबवणं

इथे काम करणारं यीस्ट सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. बेकरीचं कोरडं यीस्ट सुरुवातीला चालतं. डिस्टिलरीसाठीचं यीस्ट मिळालं तर ते जास्त अल्कोहोल आणि जास्त उष्णता सोसतं. प्रयोगशाळेला शुद्ध वाण हवं असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रह किंवा चंदीगडचा एमटीसीसी संग्रह या दोन ठिकाणांहून मागवता येतं.

लिटरला एक ग्रॅम कोरडं यीस्ट घ्या. त्याच्या दहापट कोमट पाण्यात, ३८ ते ४० अंशांना, पंधरा-वीस मिनिटं भिजू द्या. थेट थंड रसात टाकलं तर बऱ्याच पेशी मरतात. भिजलेलं यीस्ट एकूण रसाच्या दहाव्या हिश्शात घाला. चार-पाच तासांत त्यावर जोरदार फेस आला की ते विरजण मोठ्या पिंपात ओता. विरजणाने काम लवकर सुरू होतं आणि बाहेरच्या जिवाणूंना हातपाय पसरायला वेळ मिळत नाही. यीस्टला नत्र लागतं, म्हणून लिटरला ०.३ ते ०.५ ग्रॅम डीएपी द्या. खताच्या दुकानातलं नको, प्रयोगशाळा किंवा खाद्य दर्जाचं घ्या. पीएच चार ते साडेचार असावा. बोंडाचा रस बहुधा तिथेच असतो. मेटाबायसल्फाइट घातलं असेल तर बारा तास उलटल्यावरच यीस्ट घाला.

पिंपाचा एक चतुर्थांश भाग फेसासाठी मोकळा ठेवा. झाकणातून नळी काढून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवा. गॅस बाहेर जातो, हवा आत येत नाही. झाकण घट्ट बंद करून नळी विसरलात तर पिंप फुटेल. जितक्या वजनाचं इथेनॉल तयार होतं, जवळजवळ तितक्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. बंद खोलीत, तळघरात पिंपं ठेवू नका. खोलीच्या तळाशी झरोका हवाच.

कोकणातला एप्रिल हा या टप्प्याचा मोठा शत्रू आहे. यीस्टला २८ ते ३२ अंश मानवतात. बाहेर ३४-३५ असताना आंबण्याची स्वतःची उष्णता भर घालते आणि मोठ्या पिंपात तापमान सहज चाळिशीला टेकतं. मग यीस्ट थकतं, साखर उरते आणि जिवाणू पुढे जातात. पिंपं सावलीत, शक्यतो मातीच्या जमिनीवर ठेवा. भोवती ओली बारदानं गुंडाळा आणि दिवसातून तीन-चारदा ती भिजवा. दोनशे लिटरचं एक पिंप करण्यापेक्षा पन्नास लिटरची चार बरी, कारण लहान पिंपातून उष्णता लवकर निघते.

रोज सकाळ-संध्याकाळ हायड्रोमीटरने घनता मोजा. सुरुवातीला १.०४५ च्या आसपास असते आणि दोन ते तीन दिवसांत १.००० किंवा त्याखाली येते. सलग दोन मापं सारखी आली आणि बुडबुडे थांबले की काम झालं. रिफ्रॅक्टोमीटर आता चुकीचं दाखवतो, कारण अल्कोहोलचा परिणाम त्यात मिसळतो. तयार आंबवणीत सहा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं. ती ठेवून देऊ नका. हवा लागली की अ‍ॅसिटोबॅक्टर तिचा शिरका करतो आणि हिशोबातले लिटर वासात उडून जातात.

चोथ्यावर बुरशी: दुसरं काम

हा टप्पा प्रयोगशाळेसाठी आणि शिकण्यासाठी मोलाचा आहे. तो करायचा ठरवला तर नीट करा.

सेल्युलोज फोडणाऱ्या बुरशींत ट्रायकोडर्मा रीसायचा मान पहिला. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजत होते. त्या कुजक्या कापडावरून ती वेगळी केली गेली आणि आज जगभरच्या औद्योगिक सेल्युलेजच्या वाणांची ती मूळ आई आहे. तिची एक उणीव आहे: सेल्युलोजचे दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे करते, पण त्यांचं पुढे एकेरी ग्लुकोज करणारं बीटा-ग्लुकोसिडेज तिच्याकडे कमी असतं. ते अ‍ॅस्परजिलस नायगरकडे भरपूर असतं. म्हणून दोघींचं एन्झाइम वेगवेगळं वाढवून नंतर एकत्र करतात. कृषी सेवा केंद्रात मिळणारी ट्रायकोडर्माची पावडर मर रोगासाठी असते. तिच्यावर भरवसा ठेवू नका. शिळ्या भाकरीवर उगवलेली बुरशी तर मुळीच नको. तीत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस असू शकते आणि तिचं अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक आहे.

वाढवण्यासाठी गव्हाचा कोंडा आणि वाळवून दळलेला चोथा समप्रमाणात मिसळा. पाणी इतकंच की मूठ दाबल्यावर गोळा बांधला जावा, पण बोटांतून थेंब गळू नये. मोजायचं तर साठ ते सत्तर टक्के ओल. त्यात थोडं अमोनियम सल्फेट आणि पोटॅशियम फॉस्फेट घाला. ऑटोक्लेव्हमध्ये किंवा मोठ्या प्रेशर कुकरमध्ये अर्धा तास निर्जंतुक करा. गार झाल्यावर स्लँटवरचे (परीक्षानळीतल्या तिरक्या अगारवर वाढवलेल्या बुरशीचे) बीजाणू निर्जंतुक पाण्यात उतरवून त्यात मिसळा आणि ट्रेमध्ये दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा थर पसरा. जाड थराच्या मध्यभागी उष्णता कोंडते आणि बुरशी तिथेच मरते. वर ओलं मलमल, तापमान २८ ते ३० अंश. ट्रायकोडर्माला पाच-सहा दिवस, नायगरला तीन-चार. नायगर पूर्ण काळी होण्याआधी काढा. काळे बीजाणू हवेत उडतात आणि दमा असलेल्या माणसाला त्रास देतात. एन-९५ मास्क आणि हातमोजे इथे सक्तीचे. नको त्या रंगाचा डाग दिसला तर तो ट्रे पुन्हा निर्जंतुक करून मगच टाका.

तयार थरावर पाच ते दहापट सायट्रेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), पीएच ४.८, ओता, तासभर हलवा, फडक्यातून गाळा. हा तपकिरी द्रव म्हणजे तुमचं एन्झाइम. फ्रिजमध्ये ठेवा आणि काही दिवसांत वापरा. त्याची ताकद पाहायला व्हॉटमन नंबर एकच्या गाळणकागदाची ५० मिलिग्रॅमची पट्टी पन्नास अंशांना तासभर त्यात ठेवून सुटलेली साखर डीएनएस या रंगावरून साखर मोजण्याच्या पद्धतीने मोजतात. विद्यार्थ्यांनी ही चाचणी टाळू नये. ताकद न मोजता टाकलेलं एन्झाइम कुठे कमी पडलं ते कधीच कळत नाही.

चोथा तसाच दिला तर एन्झाइमला आत शिरता येत नाही, लिग्निन वाट अडवतं. म्हणून धुतलेला, वाळवलेला चोथा एक ते दोन टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात प्रेशरखाली अर्धा तास शिजवा आणि पीएच सातपर्यंत येईतो धुवा. कॉस्टिक डोळ्यात गेलं तर डोळा जातो, तेव्हा चष्मा लावूनच हे करा. धुण्याचं काळं पाणी नाल्यात सोडू नका, आधी आम्ल घालून उदासीन करा. मग एक भाग चोथ्याला नऊ भाग द्रव, पीएच ४.८, पन्नास अंश आणि अधूनमधून ढवळत दोन दिवस. ग्लुकोजची वाढ थांबली की ३२ अंशांवर आणून यीस्ट घाला.

दोन्ही कामं एकाच भांड्यात एकाच वेळी करता येतात, पण एन्झाइमला पन्नास अंश हवेत आणि यीस्टला तीस. क्लुव्हेरोमायसिस मार्क्सियानस हे उष्णता सोसणारं यीस्ट चाळिशीतही काम करतं, म्हणून तिथे ते कामाला येतं. चोथ्यातल्या हेमिसेल्युलोजची झायलोज साखर मात्र बेकरीच्या यीस्टला पचत नाही. तिच्यासाठी शेफरसोमायसिस स्टिपिटिस लागतं. एवढा खटाटोप बोंडाच्या चोथ्यासाठी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ही कृती शिकून ठेवा आणि भाताच्या पेंढ्यासारख्या जास्त सेल्युलोज असलेल्या मालावर ती लावा.

ऊर्ध्वपातन, म्हणजे उष्णतेचा हिशोब

इथेनॉल ७८.४ अंशांना उकळतं, पाणी १०० ला. पण नुसत्या हंड्यातून एकदा काढलेला द्रव वीसेक टक्क्यांच्या आसपास अल्कोहोलचा असतो, दुसऱ्यांदा काढला की वर जातो. आता ६५ लिटर आंबवणीचा हिशोब पाहा. ती तीस अंशांवरून पंच्याण्णवला न्यायला सुमारे १८ मेगाज्यूल. पहिल्या खेपेत अठरा लिटर वाफ करायला अडतीस. दुसऱ्या खेपेला आणखी चौदा-पंधरा. एकूण सत्तरच्या घरात. मिळालेल्या ३.९ लिटर इथेनॉलमध्ये लिटरला २१ प्रमाणे ८२ मेगाज्यूल. उघड्या चुलीतली जेमतेम पाव उष्णता भांड्यात जाते, म्हणजे लाकडाच्या रूपात २८० मेगाज्यूल जाळावे लागतात: अठरा-एकोणीस किलो लाकूड. चार लिटर इंधनासाठी त्याच्या तिप्पट-चौपट ऊर्जेचं जंगल तोडायचं असेल, तर बोंडं कुजू दिलेली बरी. फेणी गाळणाऱ्याला हा हिशोब लागू नाही, तो चवीचे पैसे घेतो. इंधनवाल्याला मात्र तो टाळता येत नाही.

यावर तीन उपाय आहेत आणि तिन्ही एकत्र वापरायचे.

पहिला, स्तंभ. स्टीलच्या जाळीच्या तुकड्यांनी भरलेला उभा स्तंभ आणि वर वाफ थंड करून थोडा द्रव परत सोडणारा शीतक लावला की एकाच खेपेत नव्वद टक्क्यांपर्यंत जाता येतं. दुसरा, उष्णता परत घेणं: शीतकात पाण्याऐवजी पुढच्या खेपेची गार आंबवणी फिरवा, ती फुकट तापते. या दोन्हींनी लागणारी उष्णता निम्म्याखाली येते. तिसरा उपाय जागेचा. काजू कारखान्यात बी वाफवायला बॉयलर असतो, त्यात बहुधा काजूचं टरफलच जळतं आणि तो नेमका याच हंगामात चालू असतो. ऊर्ध्वपातनाचं यंत्र त्या बॉयलरच्या शेजारी लावा, वाफ नळीने आणा. थेट ज्योत नाही म्हणून आगीचा धोकाही कमी. बागेत भट्टी लावण्यापेक्षा बोंडांचा रस टाकीतून कारखान्याकडे नेणं शहाणपणाचं आहे. माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचं गणित फक्त तिथेच जुळतं.

इथेनॉलची वाफ सतराच्या आसपास अंशांनाही पेटू शकते आणि त्याची ज्योत भर उन्हात दिसत नाही. यंत्राजवळ विडी, मोबाइलचं चार्जिंग, उघडे विजेचे बटण काही नको. शीतकाचं पाणी बंद पडलं तर वाफ खोलीत येते, म्हणून पाण्याची टाकी उंचावर ठेवा आणि यंत्र चालू असताना माणूस हलू देऊ नका. शीतकाच्या तोंडाशी कधीही झडप लावू नये. तोंड मोकळंच असावं.

इंधन कुठे वापरायचं

पेट्रोलमध्ये मिसळण्याचं इथेनॉल जवळजवळ निर्जल लागतं. त्यासाठी आयएस १५४६४ हे भारतीय मानक आहे. साध्या ऊर्ध्वपातनाने वजनाने ९५.६ टक्क्यांच्या पुढे जाताच येत नाही, तिथे पाणी आणि इथेनॉल एकत्रच उकळतात. पुढे जायला तीन अँगस्ट्रॉमच्या झिओलाइटचे मणी वापरावे लागतात आणि ते पुन्हा तापवून कोरडे करावे लागतात. गावपातळीवर हे करू नका. पाणी असलेलं इथेनॉल पेट्रोलमध्ये घातलं तर थर वेगळे होतात आणि इंजिन बंद पडतं.

शेगडीला इतकं शुद्ध इंधन लागत नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 'मधुरा' या गोड ज्वारीपासून इथेनॉलवर मोठं काम केलं आणि डॉ. अनिल राजवंशी यांच्या गटाने निम्मं पाणी असलेल्या इथेनॉलवर चालणारी शेगडी तयार केली. कमी तीव्रतेचं इंधन चाललं की ऊर्ध्वपातनाची उष्णता वाचते, आणि पाणी जास्त असल्याने ते भडकण्याचा धोकाही कमी. काजू कारखान्याच्या उपाहारगृहात, आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात अशी शेगडी चालवणं हे बोंडांच्या इथेनॉलचं योग्य पहिलं ठिकाण. साध्या केरोसीनच्या स्टोव्हमध्ये ते ओतू नका.

जे उरतं

ऊर्ध्वपातनानंतर हंड्यात राहिलेलं पाणी आम्लधर्मी आणि सेंद्रिय पदार्थांनी भरलेलं असतं. ओढ्यात सोडलं तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. शेणाच्या बायोगॅस टाकीत रोज थोडं थोडं टाका. आम्लपणा जास्त वाटला तर थोडी चुन्याची निवळी घाला. तोच गॅस पुढच्या खेपेला उष्णता देतो. चोथा वाळवून बॉयलरला द्या किंवा शेणाबरोबर कंपोस्टमध्ये घाला. बुरशी वाढवलेला कोंडा मात्र वाफवून मगच खड्ड्यात घाला.

दुसरी रानफळं

जांभळं, बोरं, करवंदं याच वाटेने जातात, पण प्रत्येकाचा ब्रिक्स आधी मोजा. करवंदाच्या चिकाने दाबयंत्र चिकटतं, बोराच्या गराला पाणी घातल्याशिवाय रस सुटत नाही, जांभळात टॅनिन बोंडाच्या तोडीचं. ही फळं माकडं, अस्वलं, पाखरं आणि रानातली माणसं खातात. जांभळं आणि करवंदं विकून अनेक कुटुंबांचा उन्हाळा निघतो. बाजारात जाण्याजोगं किंवा कुणाच्या तोंडचं फळ इंधनाला घेऊ नये. बाजारातून परत आलेला, डागाळलेला माल घ्यावा.

हंगाम मेअखेरीस संपतो. तेव्हा बुरशीचे आणि यीस्टचे स्लँट नव्या अगारवर उतरवा, नीट वाढले की चार अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा उतरवत राहा. स्लँटवर वाणाचं नाव आणि तारीख पेन्सिलीने लिहा. शाईचा मार्कर अल्कोहोलने पुसताना निघून जातो.